सोजरने पाणी दिलं नाही

डोमाजीची सोजर नर्सबाई व्हायला आदिलाबादला निघाली, तेव्हा भीमपुरात सगळ्यात जास्त दुःख झालं ते ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता त्यांना. "लोकायची घाण काढाले पोरगी धाडली," असं पारावर बसून हळहळणाऱ्यांत असेही होते, ज्यांनी स्वतःच्या दारचा उकिरडा वर्षभरात हलवला नव्हता. पुढे हीच मंडळी उटनूरला नाहीतर नेरडीगोंड्याला दवाखान्यात गेली, की "सोजरसिस्टर आमच्याच गावची" म्हणून ओळख सांगत रांगेत पुढे घुसायची. पण ते फार नंतरचं. पहिल्या सहा महिन्यांत सोजर कशी टिकली, हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिने कुणाला सांगितलंही नाही.

साल छप्पन्नचं. सोजर अठरा वर्षांची. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं आणि सोळाव्या वर्षी नवऱ्याने दुसरी बायको आणून हिला बापाच्या उंबऱ्यावर सोडलं होतं. घरी खायला कमी नव्हतं. कापूस होता, ज्वारी होती, आणि भावजयही तोंडाची तिखट नव्हती. पण टाकून दिलेली लेक माहेरी राहिली की घरातले सगळे तिच्याशी जपून बोलायला लागतात, आणि ते जपून बोलणंच तिला जास्त लागत होतं. शाळेच्या माणिकराव मास्तरांनी बातमी आणली, की आदिलाबादच्या एका धर्मादाय दवाखान्यात सातवी पास मुलींना घेतात, राहणं-जेवण तिथेच आणि वर दरमहा सरकारी वजिफा. आई, बयनाबाई, डोळ्याला पदर लावून बसली. डोमाजीने बैल जुंपले.

दवाखान्याच्या फाटकाशी पोरीची पत्र्याची पेटी उतरवून तो म्हणाला, "जमलं तं जमलं. नाई जमलं तं घर हाय. लाजू नोको." बापाने मायेनेच म्हटलं ते. पण ज्याला परत येण्याची वाट मोकळी आहे, त्याचा पाय पुढे लवकर पडत नाही. सोजरच्या उशाशी ते वाक्य सहा महिने पडून होतं.

नऊ मुली होत्या. पहिले सहा महिने कसोटीचे. त्यात टिकेल तिच्या डोक्यावर पांढरी टोपी चढायची, नाही टिकणार तिने गाशा गुंडाळायचा. शिकवायला सिस्टर करुणम्मा. वरंगलकडची बाई, उंच, कोरडी, कडक इस्त्रीची. ती थोडं तेलुगूत, थोडं हिंदुस्थानीत शिकवायची आणि राहिलेलं डोळे वटारून. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, नाडी कशी मोजायची, हाडांची नावं कोणती. सोजर कामात मठ्ठ नव्हती, तिला फक्त ऐकलेलं दोनदा ऐकावं लागायचं.

पहिल्याच महिन्यात तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. सिस्टरने कापसाचा गठ्ठा पुढे टाकला आणि जखमा पुसायचे बोळे करायला सांगितलं. आता कापूस पिकवणाऱ्या घरची पोर. आषाढ-श्रावणात घरातल्या बायका मांडी घालून बसल्या आणि पुढ्यात कापूस आला, म्हणजे त्याच्या देवासाठी वाती व्हायच्या, दुसरं काही व्हायचं ठाऊकच नव्हतं. सोजर गप्पांच्या नादात होती. तासाभराने सिस्टर आली तर ताटात बोळे कुठले, एकसारख्या, टोकाला पीळ दिलेल्या फुलवातींचा ढीग. सिस्टरने एक वात चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, की पेशंटची जखम पुसायची आहे की त्याची आरती करायची आहे. मुली हसून लोटपोट झाल्या. सोजरही हसली, कारण तेव्हा तिच्या शेजारी देवका होती.

देवका किनवटकडची, मराठी बोलणारी दुसरी एकटीच. दोघींच्या खाटा लागून. दिवसभर जे कळलं नाही ते देवका तिला समजावून सांगायची, आणि देवकाला कळलं नाही ते दोघी मिळून सोडून द्यायच्या. असं चाललं होतं ते नोव्हेंबरपर्यंत. नोव्हेंबरात हैदराबादचं राज्य मोडलं. किनवट तालुका मुंबई राज्यात नांदेडला जोडला गेला आणि आदिलाबाद आंध्रात. दवाखान्यात झेंडा लागला, बुंदी वाटली. आठ दिवसांत देवकाचा भाऊ आला. आता आपलं सरकार तिकडे, शिकायचं तर नांदेडला शीक, म्हणाला. देवका रडली, तेलाची अर्धी बाटली आणि फुटका आरसा सोजरला देऊन गेली. नव्या हद्दीच्या अलीकडे जन्मली म्हणून सोजर राहिली. रेघ ओढताना तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिने देवकाची खाट आपल्या बाजूला ठेवा एवढंच सांगितलं असतं.

मग ती एकटी पडली. याला दुसरा शब्द नाही. वर्गात हिंदुस्थानी कमी होत होत सगळं तेलुगूत गेलं. मुली वाईट नव्हत्या. एखाद्या गोष्टीवर सगळ्या खळखळून हसायच्या, मग कुणाला तरी सोजरची आठवण व्हायची, ती "कुछ नहीं, ऐसाइच" म्हणायची आणि पुन्हा हसणं सुरू व्हायचं. हसणाऱ्यांत बसून न हसणं फार अवघड असतं. म्हणून सोजर सगळ्यांच्या आधी जेवून उठायला शिकली. दोन्ही वेळ भात आणि चिंचेचं सार. भाकरीचा वास आठवला की तिला रडू यायचं. न्हाणीघरात पाण्याचा नळ मोठा सोडून ती स्वतःशीच मराठीत बोलायची, काहीबाही, बैलांची नावंसुद्धा घ्यायची. कार्तिक संपता संपता तिने ठरवलं, टोपी गेली खड्ड्यात, आता घरी जायचं. पेटी भरून तिने खाटेखाली सरकवली. घरून कुणी यायची तेवढी वाट होती.

त्याच सुमारास मथुराबाई आली.

मथुराबाई भीमपूरजवळच्याच गावची, नदीकाठी वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकणारी. साठीची, काळी, खणखणीत. पोटात गाठ झाली म्हणून मुलगा अमृत तिला गाडीत घालून घेऊन आला होता. सोजर वॉर्डात शिरली तेव्हा मथुराबाई लोखंडी पलंगापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि कुणालाच न समजणाऱ्या भाषेत सगळ्यांना विचारत होती, "याच्यावर आतापरेंत किती मेले ते सांगा पयले. मंग मी झोपतो."

सोजर इतक्या जोरात हसली की सिस्टरने मागे वळून पाहिलं.

"तू आपल्याकडची व?" मथुराबाईने विचारलं.

"भीमपूरची. डोमाजीची."

"आता तं झोपतोच मी," म्हणून म्हातारी पलंगावर चढली.

ऑपरेशनच्या आधी अंगात रक्त भरावं म्हणून तिला आठवडाभर ठेवून घेतलं होतं. तो आठवडा सोजरचा सणाचा गेला. काम संपलं की ती मथुराबाईच्या पायथ्याशी. बाजारात वांग्याला काय भाव, कुणाची सून पळाली, यंदा बोंडं कशी आहेत, सगळं. म्हातारी तिची वेणी घालून द्यायची आणि घालताना केस ओढून शिव्याही द्यायची. सोजरने तिच्यापाशी मन मोकळं केलं.

"मी जातो मावशी घरी. माह्यानं नाई होत."

"मंग काऊन कुढून राह्यली? माहे टाके सुटले का अमृत गाडी आनते. तूबी बस गाडीत. तुह्या बापाच्या दारापुढं उतरवतो तुले."

झालं, ठरलं. दोघींनी गाडीत खायला काय न्यायचं तेही ठरवलं. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हातारीचं तोंड उतरलं. तिने सोजरचा हात घट्ट धरला. "हे पाह्य पोरी. त्या चिरफाडीत मी चालली, तं माह्या तोंडात पानी तूच घालजो. ह्या परक्या लोकायच्या हातचं नोको. आपल्या मानसाच्या हातचं पानी घेतल्याबिगर जीव गेला तं तो तहानेला फिरते."

ही समजूत सोजरच्याही घरची होती. आजोबा गेले तेव्हा डोमाजीने त्यांच्या तोंडात तुळशीच्या पानाने पाणी घातलेलं तिने पाहिलं होतं. तिने म्हातारीच्या हातावर हात ठेवला. "घालतो मावशी. मायची आन."

आन अशी सहज घेऊ नये. पण त्या वेळी सोजरला दुसरं काही सुचलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने मुद्दाम सोजरलाच त्या पलंगापाशी बसवलं. म्हातारी हिचं ऐकते, असा तिचा हिशेब. आणि ताकीद दिली, की डॉक्टर सांगेपर्यंत पाण्याचा थेंब पोटात जाता कामा नये. उलटी झाली, पोटाला हिसका बसला, तर टाके उसवतील, आणि मग कुणाचाच इलाज नाही. सोजरने ते दोनदा ऐकून घेतलं.

दुपारी मथुराबाईला शुद्ध आली. पहिला शब्द "पानी".

"अजून नाई मावशी. डाक्टर सांगतीन तवा."

सोजरने ओल्या कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ पुसले. तेवढी परवानगी होती. दुसऱ्यांदा पुसायला गेली तर म्हातारीने बोळा दातात धरला आणि चोखायला लागली. सोजरला तो ओढून काढावा लागला.

"चुळूकभर दे व. घसा फाटून राह्यला."

"नाई मावशी."

"कुत्र्याले देतात व पानी." मग म्हातारीचा आवाज बदलला, बारीक झाला. "पोरी, मी चालली. डोळ्यापुढं अंधारी आली. तुनं आन घेतली होती."

सोजरने म्हातारीचं मनगट धरलं. खरंच चालली असली तर? मग पाणी द्यायलाच हवं, आन होती. नाडी भरभर होती, पण भरलेली होती, चुकत नव्हती. सोजरने पुन्हा मोजली, पुन्हा तीच. बोटांखाली म्हातारी धडधडीत जिवंत होती आणि तोंडाने मरणाच्या गोष्टी करत होती. दोन्हीपैकी एकावर विश्वास ठेवायचा होता. सोजरने बोटांवर ठेवला.

"तुमी नाई मरत मावशी," ती म्हणाली, आणि हे बोलतानाच रडायला लागली.

भेटीच्या वेळेला अमृत आला. तो गरीब, आईपुढे मान खाली घालणारा माणूस. आईने डोळ्यांनी खूण केली. सोजर चादर आणायला वळली तेवढ्यात त्याने धोतराच्या सोग्यात लपवून आणलेला तांब्या काढून आईच्या तोंडाशी नेला. सोजर वळली, धावली आणि तिने तांब्याला हात घातला. तांब्या सुटला. सगळं पाणी फरशीवर. अमृत खाली बघत उभा राहिला. मथुराबाई पलंगाच्या कडेवरून त्या पसरत जाणाऱ्या पाण्याकडे बघत होती. ते पाणी शेजारच्या पलंगाखाली जाईपर्यंत तिने नजर काढली नाही.

मग म्हणाली, "तुह्या हातचं पानी मले आता मेल्यावरबी नोको."

सिस्टर दारात उभी होती. जवळ येऊन तिने सोजरच्या खांद्यावर हात ठेवला. "अच्छा किया," म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. सोजरला वाटलं, तो हात झटकून टाकावा.

त्या दिवशी सोजरही पाणी प्यायली नाही. हे एकट्या लच्चव्वाला ठाऊक. लच्चव्वा वॉर्डातली आया, तेलुगूशिवाय दुसरं काही न येणारी, दुपारी सगळ्या मुलींना पाणी देत फिरायची. तिने पेला दिला तो सोजरने भरलेलाच खिडकीत ठेवला. संध्याकाळी पुन्हा तसाच. सोजरचा काही नेम नव्हता, व्रतही नव्हतं. पेला तोंडाशी नेला की म्हातारीचे ते डोळे आठवत आणि घोट आत जाईना, इतकंच. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी चमचाभर पाण्याची परवानगी दिली. सोजर चमचा घेऊन धावत गेली. मथुराबाईने ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. शेवटी लच्चव्वाने पाजलं, तेव्हा ती लहान मुलासारखी प्यायली. परक्यांच्या हातचं नको म्हणणारी बाई हीच.

सोजर मागच्या पडवीत गेली. लच्चव्वाने तिच्यामागून येऊन पेला पुढे केला, आणि ती उभ्याउभ्याच दोन पेले घटाघटा प्यायली. ठसका लागला तेव्हा लच्चव्वा तिची पाठ चोळत राहिली.

म्हातारी बरी होत गेली. बसायला लागली, भाताला नावं ठेवायला लागली. सोजर रोज तिची चादर बदलायची, अंग पुसायची. मथुराबाई अंग पुसू द्यायची, बोलायची मात्र नाही. अमृत आला की मोठ्याने, सोजरला ऐकू जाईल असं म्हणायची, "आपल्या मुलखाचं मानूस म्हनून भुलली मी." आधी सोजर एकटी होती, पण ते न कळणाऱ्या भाषेतलं एकटेपण होतं. आता कळणाऱ्या भाषेत कुणी बोलत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. तरी तिने मनात आशा धरली होती. म्हाताऱ्या माणसाचा राग, घराची वाट दिसली की उतरेल. एवढ्या लांबच्या वाटेत किती वेळ अबोला धरील?

टाके सुटले. गाडी आवारात आली. सोजरने खाटेखालची पेटी ओढत ओढत व्हरांड्यात आणली आणि तिच्याजवळ उभी राहिली. अमृतने पेटी पाहिली, गाडीतला कडबा सारून जागा केली आणि आईकडे पाहिलं.

"गाडीत जागा नाई," मथुराबाई म्हणाली.

त्या गाडीत एक म्हातारी, एक वळकटी आणि वांग्यांची एक टोपली होती. अजून चार माणसं मावली असती. अमृतने सारलेला कडबा पुन्हा पसरला.

तेवढ्यात लच्चव्वा आतून आली. तिने पेटीकडे पाहिलं, सोजरच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ती तरातरा गाडीपाशी गेली आणि हातवारे करत मथुराबाईला बोलायला लागली. "आ पिल्ला गूड नीळ्ळु तागले!" ही पोरगीही पाणी प्यायली नाही. तुला मिळेपर्यंत नाही. खिडकीत पेले ठेवले होते, मी पाहिले या डोळ्यांनी.

मथुराबाईला यातलं अक्षर कळलं नाही. बाई बक्षीस मागते आहे, असं तिला वाटलं. तिने टोपलीत हात घातला, चांगली चार वांगी निवडून लच्चव्वाच्या ओटीत टाकली आणि म्हणाली, "घे माय. तुह्या हातचं पानी पेली मी. इसरनार नाई."

लच्चव्वाने कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्याने सुरू झाली. सोजरकडे बोट, मग रिकाम्या मुठीचा पेला तोंडाशी, मग जोरजोरात नकाराची मान. म्हातारीला वाटलं, काहीतरी आहे खरं. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा सोजरकडे पाहून विचारलं,

"काय म्हंते व थे?"

सोजरला लच्चव्वाचा शब्द न् शब्द कळला होता. सहा महिन्यांपूर्वी यातलं "पाणी" एवढंसुद्धा कळलं नसतं. आता नुसतं मराठीत सांगायचं होतं. सांगितलं असतं तर म्हातारी गाडीतून खाली उतरली असती, गळ्यात पडली असती, पेटी स्वतःच्या हाताने वर चढवली असती. भीमपूरची वाट, मथुराबाईची बडबड, बापाचं दार, सगळं त्या एका वाक्यापलीकडे होतं. सोजरच्या ओठांवर आलंही ते. पण आपण तहानेलं राहिलो हे आपल्याच तोंडाने सांगायचं, आणि त्याच्या बदल्यात गाडीत जागा घ्यायची, हे तिला जमलं नाही. तिची नजर म्हातारीच्या पोटाकडे गेली. लुगड्याच्या निऱ्या टाक्यांवर आवळून बांधलेल्या होत्या.

"पथ्य सांगून राह्यली," सोजर म्हणाली. "निऱ्या ढिल्या बांधजा म्हंते. आन् दोन महिने विहिरीचं पानी शेंदू नोका."

"बरं," मथुराबाई म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून पुढे बघायला लागली. अमृतने बैल हाकले.

गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत दोघी व्हरांड्यात उभ्या होत्या. मग लच्चव्वाने वांगी कमरेला खोचून पेटीचं एक कडं धरलं, सोजरने दुसरं. आत जाता जाता लच्चव्वा तणतणत होती, की तिला सांगितलंस काय तू, एवढं सगळं बोलले मी आणि ती नुसती बरं म्हणून गेली?

सोजर तेलुगूत म्हणाली, की पाणी ओढू नको असं सांगितलं. मोडकंतोडकं होतं, पण पहिल्यांदाच कुणी न विचारता, न दटावता ती त्या भाषेत बोलली होती. लच्चव्वा थबकली. पेटी तिने तिथेच खाली ठेवली आणि सोजरला आधी पाणी आणून दिलं.